‘आय-सेव्हन’चा स्टिकर आणि हळदीचा पिवळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. कराडला एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे तुम्ही तीन वर्षं काम केलंत, आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायला लागलात. लाइटरूममध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या फाइल) निवडून कलर करणं, फोटोशॉपमध्ये अल्बमच्या शीट लावणं आणि प्रीमियरमध्ये रील किंवा पाच-सात मिनिटांची हायलाइट, एवढं काम. बजेट ४५ हजार. पुण्यातल्या एका दुकानदाराने ‘आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स, ए ग्रेड’ असा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) लॅपटॉप ३२ हजारांना सांगितलाय. कॅमेऱ्याची कार्ड मंगल कार्यालयातच रिकामी करावी लागतात असंही तुम्ही म्हणालात, आणि मॅक चालेल का हेही विचारलंत. मग हा घ्यावा का?

हा घेऊ नका. तुम्ही दिलेल्या फोटोत प्रोसेसरचं नाव स्पष्ट वाचता येतंय: आय-७ ७६००यू. नावात ७ असला तरी आत कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच आहेत. त्याच्या पुढच्याच पिढीतल्या आय-५ ८२५०यू किंवा ८३५०यू मध्ये चार कोअर आहेत, आणि असे लॅपटॉप रिफर्बच्या बाजारात बरेचदा याच्याहून स्वस्त मिळतात, कारण स्टिकरवर ‘५’ असतो. दुसरं म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पळवाट काढून सातव्या पिढीवर विंडोज ११ चढवतात, दुकानदारही चढवून देतात, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कोणी देत नाही. गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो ज्या मशीनवर ठेवायचे, तिथे हा जुगार कशाला?

पण तुमची खरी अडचण हा एक लॅपटॉप नाही. तुम्ही ‘आय-७ आहे का, १६ जीबी आहे का, ग्राफिक्स किती’ अशी यादी घेऊन बाजारात उतरलात, आणि दुकानदाराकडे नेमकी तीच यादी पाठ असते. रिफर्ब लॅपटॉपचा भाव ठरतो तो स्टिकर, रॅम, एसएसडी आणि झाकणावरचे ओरखडे बघून. आपल्या कामाला सगळ्यात जास्त लागतात त्या दोन गोष्टी, स्क्रीन कुठली आहे आणि तापल्यावर मशीनचा वेग किती टिकतो, यांचा भाव सहसा कोणी लावत नाही. एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप काउंटरवर शेजारी ठेवलेले असतात, किंमत सारखी, आणि एकाची स्क्रीन दुसऱ्यापेक्षा कितीतरी चांगली असते. दुकानदाराला ते माहीत नसतं, किंवा त्याला फरक पडत नसतो. आपला फायदा तिथेच आहे.

माझा कोथरूडला अल्बम डिझाइनचा छोटा स्टुडिओ आहे. चार मशीन, चारही सेकंडहँड, त्यामुळे रिफर्बला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण पहिला लॅपटॉप मी अगदी तुमच्यासारखाच घेतला होता, यादी बघून. महिनाभर खूश होते. मग एका लग्नाचा अल्बम गेला, १८ शीट, त्यातल्या चार नुसत्या हळदीच्या. माझ्या स्क्रीनवर फोटो मलूल दिसत होते, म्हणून व्हायब्रन्स वाढवला. चेहरे निळसर, फिकट वाटत होते, म्हणून टेम्परेचर उबदार केलं. स्क्रीनवर सुरेख दिसायला लागलं. लॅबमधून अल्बम आला तो नारिंगी. नवरीच्या आत्याबाईंनी पानं उलटता उलटता विचारलं, “हळद लावली होती की शेंदूर?” सगळ्या शीट पुन्हा छापल्या, माझ्या खर्चाने.

झालं होतं असं. ऑफिसच्या वापरासाठी बनवलेल्या बऱ्याच लॅपटॉपला जी साधी स्क्रीन असते, तिचा रंगपट्टा ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी म्हणजे रंग मोजायचं जुनं टीव्हीचं माप) असा लिहिलेला असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एसआरजीबी, म्हणजे फोटोसाठी सर्रास वापरला जाणारा रंगांचा संच, त्यातले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग ती दाखवू शकते. एक्सेलच्या शीटला तेवढं पुरतं. आपल्याला लॅबला द्यायची असते ती एसआरजीबीतली जेपेग, आणि तिच्यातला गडद पिवळा, कुंकवाचा लाल, पैठणीचा जांभळा या स्क्रीनला दाखवताच येत नाही. ती तो रंग पातळ करून दाखवते, आपल्याला वाटतं फोटोच पातळ आहे, आणि आपण तो आणखी चढवतो. इथे कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग जुळवून देणारं यंत्र) लावूनही सुटका नाही. कॅलिब्रेशनने असलेले रंग जागेवर येतात, पॅनलमध्ये नसलेला रंग येत नाही.

म्हणून आधी स्क्रीन. कागदावर ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ दिसलं तर आपल्या कामाचं, दोन्ही जवळपास सारखंच आहे. ४५ दिसलं की थांबायचं. ‘फुल एचडी आयपीएस’ एवढ्यावर भुलू नका. आयपीएसमुळे बाजूने बघितलं तरी रंग उलटेपालटे होत नाहीत, पण ते किती आहेत हे त्यातून कळत नाही. लाखो ऑफिस लॅपटॉप आयपीएस आहेत आणि तरीही ४५ टक्केवाले आहेत.

हे शोधायचं कसं? डेलच्या लॅपटॉपखाली सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की ते मशीन कारखान्यातून निघताना आत काय काय होतं याची यादी मिळते, त्यात स्क्रीनही असते. लेनोवोच्या प्रत्येक मॉडेलचं पीएसआरईएफ नावाचं तपशीलपत्रक नेटवर आहे, त्यात त्या मॉडेलला कुठकुठल्या स्क्रीन येत होत्या ते रंगपट्ट्यासकट दिलेलं असतं. पण हा झाला जन्मदाखला. मधल्या काळात स्क्रीन फुटून बाजारातली साधी बसवलेली असू शकते, आणि रिफर्बच्या धंद्यात हे सर्रास होतं. त्यामुळे समोरच्या मशीनवर एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. ते पेनड्राइव्हवरून चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यात मॉनिटरच्या खाली पॅनलचा लांबलचक नंबर दिसतो. तो नेटवर शोधला की ब्राइटनेस आणि रंगपट्टा दोन्ही कळतात. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार विचारतो, “मॅडम, काय बघताय?” बघू दे त्याला.

नेट नसेल तर माझी गावठी पद्धत वापरा. तुम्ही स्वतः काढलेला, ज्याची प्रिंट तुमच्याकडे आहे असा एक हळदीचा फोटो पेनड्राइव्हवर ठेवा आणि ती प्रिंटही सोबत न्या. शिवाय निव्वळ लाल, निव्वळ पांढरा, निव्वळ काळा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा राखाडी ग्रेडियंट अशा चार इमेज. कमी रंगाच्या स्क्रीनवर निव्वळ लाल हा विटकरी-नारिंगीकडे झुकतो, एकदा बघितलात की विसरणार नाही. पांढऱ्यावर कोपऱ्यातले पिवळे डाग आणि दाबाचे पांढुरके ठिपके दिसतात, काळ्यावर कडेने गळणारा प्रकाश. आणि हे सगळं दुकानाच्या ट्यूबलाइटपासून जरा आत, सावलीत बघा.

आता दुसरी गोष्ट, वेग. प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचायला शिका. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपचा. ‘एच’ म्हणजे जास्त ताकदीचा, त्याला मोठे पंखे आणि मोठा चार्जर लागतो. आठव्या आणि नवव्या पिढीतल्या आय-७ ८८५०एच, ९८५०एच अशा प्रोसेसरांत सहा कोअर आहेत, अकराव्या पिढीच्या ११८५०एच मध्ये आठ. पण हे आकडे थंड मशीनचे. चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ असते, प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असते. पहिली दोन मिनिटं तो पळतो, मग तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुकानातली ‘बघा, फोटोशॉप किती पटकन उघडलं’ ही चाचणी त्या पहिल्या दोन मिनिटांतलीच असते. तुम्ही मात्र रात्री अकराला सहाशे रॉ एक्सपोर्टला लावून झोपणार आहात.

प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच या सॉफ्टवेअरची आर-२३ ही आवृत्ती पेनड्राइव्हवर ठेवा. तिची मल्टी-कोअरची नेहमीची चाचणी सलग दहा मिनिटं चालते. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून प्रोसेसरचा वेग पहिल्या मिनिटाला आणि मग आठव्या-नवव्या मिनिटाला टिपून घ्या. थोडा उतरणारच, ते साहजिक आहे. कंपनीने जाहीर केलेल्या बेस वेगाच्याही खाली गेला आणि तापमान ९५ अंशांच्या वर चिकटून बसलं, तर कूलिंगचं काम करावं लागणार. त्याच वेळी कान द्या. पंखा घरघर करतोय, मधेच थांबतोय, एका बाजूचा फिरतच नाहीये, हे ऐकून कळतं. धूळ काढून नवी पेस्ट लावायला फार खर्च येत नाही, पण ‘हे तुम्ही करून द्या, मग पुन्हा दहा मिनिटं चालवून घेईन’ असं म्हणायला तुमच्या हातात आकडा हवा.

याच चाचणीच्या वेळी चार्जरकडेही बघा. बहुतेक जण इथे फसतात. वर्कस्टेशन जातीच्या, म्हणजे जड कामासाठी बनवलेल्या लॅपटॉपला १३० वॉट किंवा त्याहून मोठा चार्जर लागतो. लॉटमध्ये लॅपटॉप आणि चार्जर वेगवेगळ्या खोक्यांतून येतात, मग दुकानदार पिन बसेल तो ६५ वॉटचा चार्जर जोडून देतो. लॅपटॉप चालू होतो, बॅटरीही चढते, फक्त वेग खाली बांधलेला राहतो. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई ‘मी अमुक वॉटचा आहे’ असं लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा चार्जर नकली निघाला तर सुरू होतानाच चार्जर ओळखता आला नाही असा इशारा येतो, आणि प्रोसेसर रांगायला लागतो. माझ्याकडचा एक मुलगा आठवडाभर विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसला होता. दोष होता त्या सुईत.

इथपर्यंत मी ठाम बोलले. आता ज्या गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या.

तुम्ही शूट कशावर करता? मोबाइलचा एच-२६५ (कमी जागेत व्हिडिओ साठवायची पद्धत) किंवा कॅमेऱ्याचा साधा ८-बिट ४:२:० (रंगाची कमी माहिती साठवणारा) व्हिडिओ असेल, तर आठव्या पिढीच्या इंटेलमधलं आतलंच ग्राफिक्स तो बऱ्यापैकी सोडवतं. प्रीमियरला ते वापरता येतं, रीलचं काम अडत नाही. पण नव्या मिररलेस कॅमेऱ्यात १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा) एच-२६५ निवडून शूट करत असाल तर जुन्या इंटेलवर टाइमलाइन अडखळणार, आणि शेजारी एनव्हिडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड असलं तरी ते मदतीला येत नाही. असा व्हिडिओ लॅपटॉपच्या इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून नीट सुटतो, आणि ॲपलच्या एम मालिकेच्या चिपमध्ये. तेवढ्यासाठी मशीन बदलायचं नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवा. रात्री प्रॉक्सी लावायच्या, सकाळी एडिट करायचं. आम्ही अजूनही असंच करतो, लाज कसली?

लाइटरूमचा एआय डीनॉइझ (अंधारातल्या फोटोतले दाणे काढणारी सोय) वापरता का? एप्रिल २०२३ मध्ये ते आलं आणि मंगल कार्यालयाच्या अंधाऱ्या स्टेजवर काढलेल्या फोटोंना नवं आयुष्य मिळालं. पण ते काम जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर पडतं. तुमच्या दुकानदाराचं ‘२ जीबी ग्राफिक्स’ इथे उपयोगाचं नाही. जुन्या पातळ लॅपटॉपमधली ती चिप आतल्या ग्राफिक्सपेक्षा थोडी बरी, एवढंच. एकेका फोटोला मिनिटांच्या हिशेबात वेळ लागतो. सगळा अल्बम डीनॉइझ करायची सवय असेल तर किमान ४ जीबीचं आणि शक्यतो एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतलं कार्ड बघावं लागेल, म्हणजे बजेट वाढणार. लग्नामागे दहा-पंधरा फोटोच करत असाल तर चहा घेऊन या.

आणि तिसरं, लॅपटॉप खरंच हवा आहे का? हे विचारलं की लोक चिडतात. सगळं काम घरच्या टेबलावर होणार असेल तर त्याच पैशांत रिफर्ब डेस्कटॉप आणि चांगला मॉनिटर जास्त काम देतो, तापतही नाही. पण मंगल कार्यालयातच कॅमेऱ्याची कार्ड रिकामी करायची असतील, किंवा तुमच्याकडे एक्सपोर्ट चालू असताना लाइट जात असेल, तर लॅपटॉपच बरा. बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. तुम्ही कार्यालयाचा उल्लेख केलाय, म्हणून पुढचं सगळं लॅपटॉप धरून सांगते.

रॅमबद्दल माझा सल्ला मी स्वतःच बदललाय. वर्षानुवर्षं मी सांगत आले, ८ जीबीवाला घ्या आणि रॅम नंतर टाका, स्वस्तात पडतं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की हा हिशेब उलटला. आता रॅम बसवलेलाच लॅपटॉप घ्या. १६ च्या खाली नको, ३२ मिळाली तर सोडू नका. फक्त ती दोन्ही खाचांत वाटून बसवलेली आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये बघा. आतलं ग्राफिक्स वापरताना एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांनी चांगला फरक पडतो. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही.

एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसते, टक्के आणि किती तास चालली तेही. टक्के उतरलेले असतील तर सौदा मोडू नका, किंमत कमी करून घ्या. पण रॉ फाइलची एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका. बाहेरची एक हार्ड डिस्क याच ४५ हजारांत धरायची. लग्न पुन्हा लागत नाही.

बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून स्पेस, मग स्लॅश देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाइप केला की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. समजा मूळ ५६ हजार मिलीवॉट-अवर आणि आता ३८ हजार, तर ६८ टक्के उरली. चालेल. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे आणि सायकल शून्य असेल तर बॅटरी नवी घातलेली असण्याची शक्यता जास्त. मग कुठल्या कंपनीची, ते विचारा. आकड्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉप काचेच्या काउंटरवर सपाट ठेवा आणि कोपरे दाबून बघा. डुगडुगला, किंवा टचपॅडचं क्लिक मधेच घट्ट लागलं, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. तो तिथेच ठेवून निघा.

आता कुलुपं. रिफर्बमधला बराचसा माल कंपन्यांच्या लीजवरून सुटून येतो. तीन-चार वर्षं वापर झाला की अख्खा लॉट लिलावात. हा माल चांगला असतो, कारण एसी ऑफिसात वापरलेला आणि मुळातच मजबूत मॉडेलचा. पण कधी कधी मूळ कंपनीने आपल्या यादीतून मशीनचं नाव काढलेलंच नसतं. दुकानात सगळं ठीक दिसतं. घरी येऊन तुम्ही विंडोज नव्याने टाकलं, वायफाय जोडलं, की स्क्रीनवर कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव आणि तिच्या कर्मचाऱ्याचा ईमेल, पासवर्ड द्या असा फलक. मॅकवरही हेच ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणून येतं, शिवाय जुन्या मालकाचं ॲक्टिव्हेशन लॉक वेगळंच. उपाय एकच आहे: पैसे देण्याआधी दुकानातच मशीन पूर्ण रीसेट करायला लावायचं, आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडायचा आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत सेटअप पूर्ण करायचा. अर्धा-पाऊण तास जातो. जाऊ दे. ‘घरी जाऊन करा, काही प्रॉब्लेम नाही’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे तर नक्कीच करा. बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एकदा डोकावून या, पासवर्ड मागितला तर नको. तिथला सीरियल नंबर, खालच्या स्टिकरवरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच हवेत.

रीसेटचा आणखी एक फायदा. दुकानदार प्रेमाने जे ‘सगळं टाकून देतो’, त्यात विंडोज क्रॅक, फोटोशॉप क्रॅक आणि सोबत काय काय पाहुणे येतात ते त्यालाही ठाऊक नसतं. कॉर्पोरेट लॅपटॉपच्या बायोसमध्ये मूळ विंडोजची की सहसा असतेच, कोरं विंडोज टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

‘ए ग्रेड’चं एका वाक्यात: ही ग्रेड सगळीकडे सारखी मोजणारं कोणतंही माप नाही, प्रत्येक दुकानाची आपली. ती बाह्यरूपाची असते. झाकणावर ओरखडे असलेला, पण चांगल्या पॅनलचा बी ग्रेड मिळाला तर मी आनंदाने घेते.

मग घ्यायचं काय? तुमच्या कामाला मी वर्कस्टेशन जातीचे लॅपटॉप बघेन: डेल प्रिसिजन, लेनोवो थिंकपॅडची पी मालिका, एचपी झेडबुक. इंजिनिअर आणि डिझायनर लोकांसाठी घेतलेले, त्यामुळे चांगल्या स्क्रीनचे निघण्याची शक्यता साध्या ऑफिस मालिकेपेक्षा जास्त. उदाहरण द्यायचं तर प्रिसिजन ५५४० आणि ५५५०. फुल एचडी वर्गाची जी स्क्रीन त्यांना येत होती ती १०० टक्के एसआरजीबीची आणि भरपूर ब्राइट, वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलेलं असेल तर ते ४ जीबीचं, रॅमला दोन खाचा. नवव्या-दहाव्या पिढीतले आहेत, म्हणजे विंडोज ११ चा प्रश्न नाही. पातळ आहेत, त्यामुळे तापतात. दहा मिनिटांची ती चाचणी यांच्यावर सक्तीने करा. ४५ हजारांत नीट अवस्थेतला सापडायला दोन-चार दुकानं पालथी घालावी लागतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तरी आधी फोनवर मॉडेल, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि स्क्रीन विचारूनच गाडीत बसा. आमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीबद्दलही हेच.

मॅकचंही विचारलंत. इंटेलवाला मॅक आता घेऊ नका. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं ॲपलने स्वतःच जाहीर केलंय. घ्यायचाच तर नोव्हेंबर २०२० नंतरचा एम-१ किंवा त्यापुढचा, आणि १६ जीबीचा. त्यात रॅम आणि एसएसडी दोन्ही नंतर वाढत नाहीत, त्यामुळे ८ जीबीचा स्वस्तात मिळाला तरी लाइटरूम आणि फोटोशॉप एकत्र उघडणाऱ्याने दूर राहावं. स्क्रीन मात्र बिनधास्त, तिथे वर सांगितलेली कसरत करावी लागत नाही. एक अडचण: पत्रिका आणि फ्लेक्सचं काम जुन्या मराठी फॉन्टवर करत असाल, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला यूएसबीत लावावी लागणारी किल्ली) विंडोजचा असेल, तर मॅक घेऊन हात बांधून घ्याल.

आणि चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉप बजेटमध्ये बसलाच नाही तर? मग कमी रंगाच्या स्क्रीनचा, पण आठव्या पिढीपुढचा, १६ जीबीचा साधा बिझनेस लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या दहा-बारा हजारांत २४ इंची आयपीएस मॉनिटर, ज्याच्या खोक्यावर एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के लिहिलंय असा. कार्यालयात लॅपटॉप फक्त कार्ड रिकामी करायला आणि फोटो निवडायला. कलर जे काही करायचं ते घरी, मॉनिटरवर. लॅपटॉपच्या स्क्रीनवर सॅच्युरेशनच्या स्लायडरला हात लावायचा नाही, हा नियम आमच्या स्टुडिओत एका मशीनवर चिठ्ठी चिकटवून लिहिलेला आहे. हळदीनंतर लिहिला.

त्या ३२ हजारांच्या लॅपटॉपसाठी बयाणा दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर त्याच दुकानदाराला विचारा, याऐवजी आठव्या पिढीपुढचा वर्कस्टेशन लॅपटॉप आहे का, बहुतेक जण बदलून देतात. असेल तर त्याच्याकडून दोन फोटो मागवा: खालच्या स्टिकरचा आणि एचडब्ल्यूइन्फोमधल्या मॉनिटरच्या पानाचा. दुसरा फोटो काढायला तो कुरकुर करेल. ते आले की सीरियल नंबर झाकून मला दाखवा, पॅनल कुठलं आहे ते बघून सांगते.